तारखांची वही

ती. आई आणि ती. बाबा यांस,
शि. सा. नमस्कार.

संगणकाबद्दल फोनवर सांगितलेलं फोन ठेवला की विरून जातं, म्हणून हे लिहून पाठवते आहे. याची प्रिंट काढून संगणकाच्या टेबलाच्या खणात ठेवा. नेट बंद असताना मेल उघडत नाही, आणि कागदाला पासवर्ड लागत नाही.

घरचा संगणक असो की बाबांची साइट, मोडतोड होऊन बंद पडण्याचे प्रसंग थोडे. बहुतेक वेळा कशाची तरी मुदत संपलेली असते: डोमेनची म्हणजे साइटच्या नावाची, साइट खरी असल्याची खात्री देणाऱ्या सर्टिफिकेटची, पैसे कापले जाणाऱ्या कार्डाची, नाहीतर घड्याळाच्या सेलची. म्हणून एक साधी वही करायची आहे. ती आईनं सांभाळावी असं माझं मत आहे. बाबा, तुम्ही लिहिण्यात रमता आणि तारखा विसरता, हे तुम्हालाही मान्य आहे.

पहिली तारीख पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळाची. एखाद्या सकाळी संगणक सुरू केल्यावर एकजात सगळ्या साइट ‘तुमचे कनेक्शन खाजगी नाही’ असं म्हणू लागल्या, तर घाबरण्याआधी तिथे काय लिहिलंय ते पाहा. प्रत्येक साइटच्या सर्टिफिकेटवर ‘अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत’ असं असतं, आणि ब्राउझर ते आपल्याच संगणकाच्या घड्याळाशी ताडून पाहतो. घड्याळ काही वर्षं मागे गेलं की त्याच्या हिशेबानं सगळ्याच सर्टिफिकेटांचा अजून जन्म व्हायचाय. ‘सेटिंग्ज’मध्ये ‘टाइम अँड लँग्वेज’, त्यात ‘डेट अँड टाइम’, त्यात ‘सिंक नाऊ’ दाबा. फरक फार मोठा असेल तर तेवढ्यानं भागत नाही. तिथेच ‘सेट टाइम ऑटोमॅटिकली’ बंद करून तारीख हातानं घाला आणि मग ते पुन्हा चालू करा.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झालं, तर मदरबोर्डवरचा, म्हणजे आतल्या मुख्य पट्टीवरचा, नाण्याएवढा सेल संपला. त्याचं नाव सीआर २०३२. त्यातच माप आहे, २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी. व्होल्टेज ३. डेस्कटॉपचा सेल घरी बदलता येतो. आधी संगणक बंद करून वायर भिंतीतून काढा आणि पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. बाजूचं झाकण उघडल्यावर कॅबिनेटच्या पत्र्याला एकदा हात लावा. सेलच्या कडेची पत्र्याची कळ हलकेच बाहेर ढकलली की सेल वर उसळतो. नवा बसवताना अधिकचं चिन्ह आपल्याकडे हवं. पहिल्यांदा सुरू करताना काळ्या पडद्यावर एफ वन दाबायला सांगेल. तो बिघाड नव्हे, आतल्या सेटिंग पुसल्या गेल्याची सूचना आहे. तारीख घालायची आणि पुढे जायचं.

एक खबरदारी मात्र सेल काढण्याआधी घ्यायची. संगणकात बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप, चालू असेल तर तो अशा वेळी ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागू शकतो. मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये ती बहुधा असते. आधी उतरवून घ्या, नंतर शोधायची तर दुसरा संगणक लागेल. लॅपटॉप मात्र घरी उघडू नका, त्यात हा सेल बहुधा वायर जोडून आत दडवलेला असतो.

बाकीच्या साइट नीट उघडतात आणि आपलीच तेवढी असा इशारा देते, तेव्हा दोष घड्याळाचा नाही. आपल्या साइटला लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं मोफत सर्टिफिकेट आहे. ते ९० दिवसांचं असतं, आणि साधारण ३० दिवस उरले की होस्टिंगवरचा, म्हणजे साइट ठेवलेल्या भाड्याच्या जागेवरचा, प्रोग्रॅम आपणहून नवं घेतो. मेख अशी की आपोआप होणारं काम थांबलं तर तेही गुपचूप थांबतं. पूर्वी मुदत जवळ आली की लेट्स एन्क्रिप्टकडून मेल यायचा, जून २०२५पासून तेही बंद झालं. तेव्हा दर महिन्याच्या १ तारखेला साइट उघडून पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर क्लिक करा, ‘कनेक्शन सुरक्षित आहे’ आणि मग सर्टिफिकेट, असं आत जाऊन शेवटची तारीख पाहा. पंचविसाहून कमी दिवस उरले असतील तर रिन्यू होणं अडकलं आहे असं समजा, आणि साइट चालू असतानाच होस्टिंगवाल्यांना ‘सर्टिफिकेट रिन्यू होत नाही’ एवढंच कळवा. कारणं नेहमीची असतात. तपासणीसाठी साइटवर एक छोटी फाइल वाचली जाते आणि सुरक्षेच्या एखाद्या प्लगिननं, म्हणजे साइटला जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅमनं, नेमकी तीच वाट अडवलेली असते, नाहीतर डोमेनचा पत्ता जुन्या सर्व्हरकडे बोट दाखवत असतो.

वर्षभराचं सर्टिफिकेट विकत घेऊन हातानं बसवावं, असं कुणी सुचवलं तर त्या फंदात पडू नका. सर्टिफिकेटची कमाल मुदत १५ मार्च २०२६पासून २०० दिवसांवर आणली गेली आहे, आणि १५ मार्च २०२९पासून ती ४७ दिवस होणार आहे. हातानं करायचं हे काम राहिलेलं नाही.

आता नावाकडे येते, कारण खरी धास्ती त्याचीच. बाबा, साइट म्हणजे तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तिन्हींचे लॉगिन वेगळे आहेत. डोमेन म्हणजे पाटीवरचं नाव, ते रजिस्ट्रारकडे, म्हणजे नावं नोंदवणाऱ्या कंपनीकडे, नोंदवलेलं असतं. होस्टिंग म्हणजे भाड्याची जागा. आणि वर्डप्रेस म्हणजे त्या जागेत तुम्ही जिथे लिहिता ते टेबल. तुम्हाला रोज दिसतं ते फक्त टेबल, म्हणून वर्डप्रेसचा पासवर्ड पाठ असतो आणि रजिस्ट्रारचं नावही आठवत नाही. होस्टिंग हातचं गेलं तर बॅकअपवरून दुसरीकडे साइट उभी करता येते. नाव गेलं आणि दुसऱ्यानं घेतलं, तर ते परत मिळेलच असं नाही.

डॉट कॉमसारख्या नावाची मुदत संपली की ते त्याच दिवशी जात नाही. पहिल्या टप्प्यात नेहमीच्या दरानं रिन्यू करता येतं. हा टप्पा जास्तीत जास्त ४५ दिवसांचा, पण किती द्यायचा हे रजिस्ट्रार ठरवतो आणि कित्येक जण कमीच देतात. साइटच्या जागी जाहिरातींचं पान मात्र काही दिवसांतच दिसू लागतं, त्यावरून ओळखा. त्यानंतर ३० दिवस सोडवणुकीचे, जादा दंड भरून. मग ५ दिवस काहीच करता येत नाही, आणि त्यानंतर ते नाव जगात कुणालाही घेता येतं. रजिस्ट्रारनं मुदतीआधी साधारण महिनाभर आणि आठवडाभर असे दोन, आणि मुदत उलटल्यावर पाच दिवसांच्या आत एक, असे निरोप पाठवायचे असतात. इतकं असूनही नावं जातात, ती दोन कारणांनी.

एक म्हणजे कार्ड. ऑटो रिन्यू चालू आहे म्हणून आपण निर्धास्त असतो, आणि मधल्या काळात कार्ड बदललेलं असतं. नवं कार्ड आलं की त्याच आठवड्यात रजिस्ट्रारकडे आणि होस्टिंगकडे, दोन्हीकडे, ते घालायचं. दुसरं कारण जास्त वाईट. रजिस्ट्रारकडे दिलेला मेल पत्ता आपल्याच डोमेनवरचा असतो. म्हणजे किल्ली आत ठेवून दार लोटून घेतल्यासारखं. नाव बंद पडलं की त्यावरचे मेलही थांबतात, मग तिसरा निरोपही पोचत नाही आणि पासवर्ड बदलण्याची लिंकही नाही. म्हणून रजिस्ट्रार, होस्टिंग आणि वर्डप्रेसचा ‘अॅडमिन ईमेल’ या तिन्ही ठिकाणी बाबांचा जीमेलचा पत्ता घाला. जीमेलची १५ जीबी जागा फोटो आणि ड्राइव्ह मिळून असते आणि ती भरली की मेल येणं थांबतं, तेव्हा तीही महिन्याच्या तपासणीत घ्या. सोपा उपाय हवा असेल तर डॉट कॉम नाव एकदम १० वर्षांपर्यंत रिन्यू करता येतं. मी पाचावर थांबेन. फार लांबचं झालं की रजिस्ट्रार कोण, हेच विसरायला होतं.

‘तुमचं डोमेन आज रद्द होणार’ अशी बिलं मेलवर येतील. त्यातल्या लिंकवर कधीच जायचं नाही. वहीत रजिस्ट्रारचा पत्ता लिहिलेला असेल, तो हातानं टाइप करून आत जा आणि तिथली तारीख पाहा. तिथे सगळं ठीक असेल तर मेल खोटा.

बॅकअपचं मात्र बाबांनी स्वतः पाहायचं, कारण मजकूर ओळखू येणारे तेच. वर्डप्रेसमध्ये लेख डेटाबेसमध्ये असतात आणि फोटो ‘अपलोड्स’ फोल्डरमध्ये. नुसतं फोल्डर उतरवून घेतलं तर फोटो मिळतील, लेखांची एक ओळही मिळणार नाही. दोन्ही हवं. आणि बॅकअप त्याच होस्टिंगवर पडून असेल तर तो धरू नका, अकाउंट बंद झालं की दोन्ही एकदमच जाणार. महिन्यातून एक प्रत घरच्या, बाहेरून जोडायच्या हार्ड डिस्कवर आणि एक ड्राइव्हवर. पेन ड्राइव्हवर भिस्त नको. विजेशिवाय नुसता खणात पडून राहिलेला पेन ड्राइव्ह कालांतरानं साठवलेलं विसरू शकतो.

प्रत घेतली की ती उघडून पाहायची, हे कुणीच करत नाही. डेटाबेसची फाइल नोटपॅडमध्ये उघडा आणि स्वतःचा एखादा लेख शोधा. मराठी मराठीसारखंच दिसलं तर उत्तम. ओळीच्या ओळी रोमन ‘ए’वर तिरकी रेघ असलेल्या चिन्हांनी भरलेल्या दिसल्या, तर अक्षरं चुकीच्या पद्धतीनं वाचली जाताहेत, बहुधा ती परत मिळवता येतात. आपल्या लिपीतलं एकेक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइटचं असतं, आणि ते तीन बाइट तीन सुटी रोमन चिन्हं म्हणून दिसतात, एवढंच. पण अक्षरांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं असतील तर त्या प्रतीतला मजकूर गेला. ती फेकून द्या आणि साइट जिवंत आहे तोवर ‘यूटीएफ८ एमबी४’ निवडून नवी घ्या.

अपडेट नेहमी बॅकअपनंतर, आणि प्लगिन एका वेळी एकच. पाच एकदम केले आणि साइट पांढरी पडली, तर पाचांतला गुन्हेगार कोण ते कळत नाही. पांढरी पडलीच तर होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमध्ये त्या प्लगिनच्या फोल्डरचं नाव बदला. वर्डप्रेसला तो सापडत नाही आणि साइट उठते. त्याआधी मेल पाहा, अशा वेळी वर्डप्रेस अॅडमिनच्या पत्त्यावर दुरुस्तीची लिंकही पाठवतं.

आई, रोजच्या अडचणींसाठी एकच सांगते. संगणक अडला की ‘शट डाउन’ नाही, ‘रीस्टार्ट’. विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर शट डाउन करताना आतला काही भाग डिस्कवर साठवून ठेवला जातो आणि सुरू करताना तोच परत आणला जातो, म्हणजे अडलेलंही परत येतं. रीस्टार्टमध्ये सगळं नव्यानं सुरू होतं. राउटर बंद-चालू केल्यानंतर प्रिंटर ‘ऑफलाइन’ दिसत असेल, तर बहुधा प्रिंटरचा नेटवर्कवरचा पत्ता बदललेला असतो. राउटरमध्ये तो पत्ता कायमचा राखून ठेवता येतो, ते मी दुरून करून देईन.

मला फोन करण्याआधी पडद्याचा मोबाइलनं फोटो काढून पाठवा. ‘काहीतरी इंग्रजीत आलंय’ यावरून मला काही कळत नाही. आणि तीच साइट वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर उघडते का, तेही पाहा. उघडली तर साइट ठीक आहे, खोट घरच्या नेटमध्ये आहे. मी संगणकात दुरून यायचं असेल तर विंडोजमधलं ‘क्विक असिस्ट’ उघडायचं आणि मी सांगेन तो कोड घालायचा. फोन तुम्ही मला केलेला असेल तरच हं. समोरून कुणी फोन करून कोड, अॅप किंवा ओटीपी म्हणालं तर ऐकत बसायचं नाही, फोन ठेवायचा. मोठा आवाज करून पडदाभर इशारा आला आणि त्यात फोन नंबर असेल, तर एस्केप दाबून धरा. नाही गेला तर ऑल्ट आणि एफ फोर.

आता वही. एका पानावर एकच वस्तू: नाव, कंपनी, लॉगिनचा मेल पत्ता, मुदत कधी संपते, कोणत्या कार्डाचे शेवटचे चार आकडे. पासवर्ड वेगळ्या पानांवर, वहीच्या मागच्या बाजूनं. घरात कुलपात असलेल्या कागदावरचा पासवर्ड मला सगळीकडे एकच ठेवलेल्या पासवर्डपेक्षा कितीतरी बरा वाटतो. गूगलचे बॅकअप कोडही (फोन हाताशी नसताना लॉगिनसाठीचे) तिथेच, एका वेळी दहा मिळतात, प्रत्येक आठ आकडी आणि एकदाच चालणारा. वापरला की खोडा. बँकेचे पिन या वहीत नकोत. आणि संगणकात अजून विंडोज १० असेल तर पहिल्या पानावर १४ ऑक्टोबर २०२५ लिहा, त्या दिवशी त्याची नेहमीची मोफत साथ संपली. पुढचं आपण बोलू.

डोमेनचं पान आधी भरा. त्या एका पानाचा फोटो मला पाठवा, पासवर्डच्या पानांचा नको.

तुमची,
लेक