स्कोअरबुकवाल्या ताईंना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

नाव घालून लिहिलेलं तुम्हाला खपणार नाही, म्हणून नुसतं ताई. सांगलीत सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुलींना कळायचं ते कळेलच. इतरांसाठी एवढंच सांगते, की यंदा आमच्या कॉलेजच्या संघाला ज्यांनी वळण लावलं त्या आमच्या कोच नाहीत, कॉलेजात नोकरीलाही नाहीत. ऑफिस सुटलं की स्कूटीवरून थेट मैदानावर येणाऱ्या आणि पर्समध्ये पेन्सिल, खोडरबर बाळगणाऱ्या बाई आहेत.

सुरुवातीचा तो सराव सामना. कोल्हापूरच्या मुलींनी आम्हाला पाच डावांत गुंडाळलं. पाच डावांनंतर सात धावांची आघाडी असली की सामना तिथंच संपतो, त्यामुळे सातवा डाव बघायलाच मिळाला नाही. बॅटिंग कमी पडली, यावर सगळ्यांचं एकमत. बॅटिंगला दोष दिला की कुणा एकीचं नाव घ्यावं लागत नाही, हेही त्यातलं सोयीचं. तुम्ही पायऱ्यांवर बसून अख्खा सामना लिहून काढत होता, हे आमच्या गावीही नव्हतं. तुम्ही ती लांबडी वही घेऊन खाली आलात आणि म्हणालात, "धावा कुठनं गेल्यात ते बघा की आधी."

तोवर स्कोअरबुक म्हणजे टेक्निकल टेबलावरचं काहीतरी, एवढीच आमची समज. पिचर एक, कॅचर दोन, शॉर्टस्टॉप सहा, असे जागांचे आकडे असतात. चौकटीत सहा-तीन लिहिलं म्हणजे शॉर्टस्टॉपने चेंडू उचलून फर्स्ट बेसला दिला नि बॅटर आऊट, हे तुम्ही त्या दिवशी शिकवलंत. मग बोट ठेवून एकेक धाव मागे मागे नेलीत. अर्ध्याहून जास्त धावांच्या मुळाशी हिट नव्हताच. चार बॉल, म्हणजे बॅटरच्या टप्प्याबाहेरचे चार चेंडू, पडून फुकट मिळालेला फर्स्ट बेस, मग कॅचरच्या मागे गेलेला चेंडू, की धावणारी सेकंडला. आणखी एक चेंडू मागे, की थर्डला. त्यांनी आम्हाला मारलंच नव्हतं फारसं. आम्हीच त्यांना हाताला धरून होम प्लेटपर्यंत सोडत होतो.

त्यानंतरचा महिना आमच्या कॅचरला जन्मभर आठवेल. तुम्ही तिचा ग्लोव्ह काढून घेतलात, हात पाठीमागे बांधायला लावलेत आणि समोरून टेनिसचे चेंडू टप्पा पाडून टाकायला लागलात. चेंडू पकडायचा नाही, गुडघ्यांवर पडून छातीने अडवायचा, हनुवटी खाली. पहिल्या दिवशी ती रडकुंडीला आली, तिसऱ्या दिवशी चिडली, आणि पुढच्या आठवड्यात स्वतःच म्हणाली, "जोरात टाका की." त्यात परतीचा पाऊस. आपल्याकडची काळी माती बुटांना चिकटून पाय मणाचे होतात. फक्कीने आखलेल्या रेषा दुपारी दिसायच्या आणि संध्याकाळी वाहून जायच्या. पिचरला तुमचं एकच काम असायचं: त्रेचाळीस फुटांवरून पहिला चेंडू स्ट्राईक, म्हणजे बॅटरच्या टप्प्यात, पडलाच पाहिजे. वेग मागाहून. कॉलेजकडून किटसाठी काय मिळालं, यावर मी इथं बोलत नाही. तुम्ही जुनं चेस्ट गार्ड कुठून तरी पैदा केलंत, त्याचे पट्टे मारुती रोडवर शिवून घेतलेत आणि पैसे विचारले तर विषय बदललात, तेवढं मात्र सांगणारच.

विभागीय स्पर्धेच्या उपांत्य सामन्याबद्दल लिहायलाच हवं. सहावा डाव, दोन आऊट, तिन्ही बेस भरलेले, आम्ही एका धावेने मागे. आमची बॅटर तिसऱ्या स्ट्राईकला फसली, म्हणजे एरवी आऊटच. प्रेक्षक उठायला लागले, त्यांच्या मुली टाळ्या देत निघाल्या. पण चेंडू कॅचरच्या हातून सुटून खाली पडला होता. दोन आऊट असताना असं झालं तर बॅटरला फर्स्ट बेसकडे पळता येतं, बेस भरलेले असले तरी, हे तुम्ही आमच्याकडून इतक्या वेळा घोकून घेतलं होतं, की ती वळून न बघता पळाली. बेस भरलेले, त्यामुळे थर्डवरचीला होमकडे पळणं भागच; त्यांच्या कॅचरने चेंडू घेऊन होम प्लेटवर नुसता पाय टेकवला असता तरी डाव संपला असता. गडबडीत तिने फर्स्टला फेकला, तोही डोक्यावरून, आणि दोघी होम प्लेटवर आल्या. अंपायरभोवती केवढा गलका झाला! नियम आमच्या बाजूने होता. तुमच्या वहीत त्या चौकटीत स्ट्राईकआऊटचा 'के' आहे आणि त्याच्या शेजारी कॅचरच्या चुकीचं 'ई-दोन'. बाद होऊन सामना फिरवल्याचा असा लेखी पुरावा सगळ्यांकडे नसतो, असं ती बॅटर आता मेसभर सांगत फिरते.

अंतिम सामना हरलो. सात डावांत बरोबरी, मग टायब्रेकर, सेकंड बेसवर आयती धावणारी ठेवून आठवा डाव, आणि त्यांचा एक स्वच्छ हिट. पेपरात जिंकलेल्यांचा फोटो आला, तो त्यांचा हक्कच. आमच्या पिचरची आणि त्याच कॅचरची विद्यापीठाच्या निवड चाचणीसाठी नावं गेली, हे तुम्हाला फोनवर सांगितलंच आहे. तुम्ही तेव्हा फक्त "फोर बॉल किती दिले शेवटच्या सामन्यात?" एवढंच विचारलंत.

ताई, सगळ्यांच्या वतीने मनापासून आभार. तुमच्या सासूबाईंनाही सांगा. त्यांनी डबा भरून पाठवलेलं भडंग आमच्यापर्यंत पोचायच्या आत निम्मं सरांनीच संपवायचं, ही तक्रार त्यांच्या कानावर असू दे.

आता एक काम. तुमची वही भरली, म्हणून आम्ही वर्गणी काढून नवी आणलीय आणि फर्स्ट इयरची एक मुलगी लिहायला शिकतेय. अंतिम सामन्यातल्या एका चौकटीवरून आमच्यात अजून भांडण चालू आहे. आमच्या लेफ्ट फील्डरने शॉर्टस्टॉपकडे मारला, तिने फर्स्टला न देता थर्डला टाकला आणि थर्डकडे पळणारी नि बॅटर, दोघीही सेफ. लेफ्ट फील्डर म्हणते हा हिटच. लिहिणारीने फिल्डर्स चॉईस लिहिलंय, म्हणजे बॅटरला सोडून दुसरीला आऊट करायला गेल्यामुळे मिळालेला बेस, हिट नव्हे, आणि खोडायला ती तयार नाही. शॉर्टस्टॉपला फर्स्टचा आऊट सहज मिळाला असता का, यावरच सगळं अडलंय, आणि तो चेंडू नीट पाहिलेल्या तुम्ही एकट्याच. शनिवारी संध्याकाळी आलात तर निकाल लावून टाका.

तुमची,
सेकंड बेस (वहीतला चार नंबर), आणि सगळा संघ
सांगली