एक्स-रे काढणाऱ्या ताईंना

ताई, नमस्कार.

त्या दिवशी गडबडीत तुमचं नाव विचारायचं राहिलं, म्हणून हे पत्र जाहीरच लिहिते आहे.

माझा लेक दहा वर्षांचा. सेरेब्रल पाल्सीमुळे, म्हणजे मेंदूचा स्नायूंवर नीट ताबा नसल्यामुळे, पाठीचा कणा वाकत गेला आणि त्याच्यासोबत पेल्व्हिस, म्हणजे कमरेखालचं हाड, उजवीकडे कलत गेलं. बसला की सगळा भार उजव्या कुल्ल्याखालच्या हाडावर. तिथली कातडी लाल व्हायला लागली होती. उजवा हात तर कायम टेकूलाच, जेवतानाही मोकळा नाही.

आधीची फिल्म दुसरीकडे झोपवून काढलेली. कल 8 अंश. झोपल्यावर अंगाचा भार कण्यावर येत नाही आणि कल कमी दिसतो, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

तुम्ही त्याला सपाट, कडक स्टुलावर बसवलंत. गादी राहू द्या की, म्हटलं मी. "मऊ गादीत कल लपतो," म्हणालात. हात मांडीवर. शिशाचा एप्रन घालून त्याचे बाबा बाजूला, पडलाच तर धरायला, पण एरवी हात न लावता. फिल्म स्क्रीनवर आली तेव्हा पेल्व्हिसच्या खालच्या दोन भोकांवर तुम्ही बोट ठेवलंत. एक मोठं, एक चिंचोळं. म्हणजे तो वळून बसलाय, असं मोजलं तर आकडा चुकेल. पुन्हा किरण जाणार म्हणून आधी आम्हाला विचारलंत, मग दुसरी फिल्म घेतलीत. बाहेर रांग वाढत होती. तुम्ही एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाहीत.

डॉक्टरांनी पेल्व्हिसच्या दोन्ही वरच्या कडा जोडून रेष ओढली आणि आडव्या रेषेशी कोन मोजला. 21 अंश! कल 15 अंशांपुढे असला की ऑपरेशनमध्ये कणा सरळ करायला बसवतात त्या सळया पेल्व्हिसपर्यंत न्यायचा विचार बरेच सर्जन करतात. 8 अंशांवर तो विषयच निघाला नव्हता. झोपवलेली फिल्मही वाया गेली नाही. दोन्ही शेजारी ठेवल्यावर कल किती सुटतो ते कळलं.

निघताना तुम्ही कागदावर लिहून दिलंत: "बसवून, आधार न देता. मागच्या वेळच्याच रेषेने मोजणे." काही जण हाच कोन कण्याच्या रेषेवरून मोजतात आणि तेव्हा आकडा वेगळा येतो, हेही तुमच्याकडूनच कळलं.

ऑपरेशनआधी आणखी एक फिल्म आहे. तुमच्याच पाळीला यायचं बघतोय. नाही जमलं तर तो कागद पुढे करीन.

तुमची,
त्याची आई