आजीचा रुपया घासू नकोस

प्रिय मनू,

काल फोनवर म्हणालीस ना की आजीच्या डब्यात पंचम जॉर्जचा रुपया सापडला, काळा पडलाय, टूथपेस्टनं घासून बघते म्हणून, तेव्हापासून जीव खालीवर होतोय म्हणून लगेच लिहायला बसलो. घासू नकोस बाळा. तुझ्याएवढा असताना मी लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी एक छान रुपया रांगोळीनं लख्ख घासला होता, आजही तो हातात घेतला की वाईट वाटतं, त्याच्यावरचे बारीक ओरखडे आता कशानं म्हणजे कशानं जाणार नाहीत. तो काळपटपणा चांदीवर आपोआप धरलेला असतो, त्याला टोनिंग म्हणतात, तो घाण नाही.

तू सांगितलंस साल 1918. उलट बाजूला खाली कमळ आहे बघ, तिथे छोटा उठावाचा ठिपका असेल तर मुंबई टांकसाळीचा, नसेल तर कलकत्त्याचा. त्या वर्षी रुपये ढिगानं पाडले, पहिल्या महायुद्धात चांदी इतकी कमी पडली की अमेरिकेनं कायदा करून आपले 25 कोटींहून जास्त चांदीचे डॉलर वितळवले आणि त्यातली बहुतेक चांदी हिंदुस्थानसाठी ब्रिटिशांना विकली. म्हणजे नाणं दुर्मिळ नाही, झिजलेलं असेल तर चांदीच्या भावापेक्षा फार काही जास्त मिळत नाही, सगळा खेळ कंडिशनचा.

आता बघायचं कसं. कडेनं धर, बोटं वर लावू नकोस. आधी वजन, पूर्ण रुपया 11.66 ग्रॅम, म्हणजे एक तोळा, फार वापरलेला थोडा हलका भरतो पण एकदम एक ग्रॅम कमी आला तर मला आधी विचार. मग राजाच्या झग्यावर गळ्यातल्या साखळीत एक छोटा हत्ती आहे तो शोध. 1911 ला त्याची सोंड इतकी आखूड दिसली की लोक डुक्कर म्हणायला लागले आणि सरकारला ते रुपये मागे घ्यावे लागले, 1912 पासून हत्ती नीट केला. तुझ्या नाण्यावर सोंड आणि पाय वेगळे दिसतायत का? मुकुटाचे मणी, कान, दाढीचे केस? उंच भाग आधी झिजतात, म्हणून झिजेवरून नाण्याची ग्रेड, म्हणजे प्रत, ठरते: हे सगळं सपाट असेल तर फाईन किंवा त्याखालची, बहुतेक दिसत असेल तर व्हीएफ (व्हेरी फाईन), फक्त टोकं जरा घासलेली असतील तर एक्सएफ (एक्स्ट्रा फाईन).

आणि यूएनसी, म्हणजे अजिबात न वापरलेलं, वाटलं तर दिव्याखाली तिरकं धरून हळू फिरव, टांकसाळीची मूळ चमक असेल तर ती चाकाच्या आऱ्यांसारखी नाण्यावर गोल फिरते. पॉलिश केलेलं नाणं नुसतंच सगळीकडून चकचकतं, चमक फिरत नाही, असं नाणं कितीही छान दिसलं तरी जाणकार लगेच भाव पाडतो, आणि मला विचारशील तर बरोबरच करतो.

वरच्या कडेला कडी जोडल्याचा टाका दिसतोय का तेही बघ, आपल्याकडे रुपयांना कडी लावून माळेत ओवायचे, आजीच्या आईची तशी माळ होती. टाका असला तर ग्रेड गेली, पण मग तो रुपया विकायचा नाही, माझ्यासाठी ठेव.

दोन्ही बाजूंचे फोटो पाठव, फ्लॅश बंद करून, खिडकीतल्या उजेडात.

तुझा बाबा