शंकरपाळी अजून उभी आहे

हल, इंग्लंड, रविवार

प्रिय अव्या,

सात महिने पत्र नाही. शिव्या पुढच्या फोनला घाल, आज नकोत. बातमी तुझ्याखेरीज कुणाला कळणारी नाही; घरात सांगितली तर "बरं" एवढंच ऐकू आलं. आपला षटकोन, तो कड्यावरचा महायुद्धातला काँक्रीटचा पिलबॉक्स (बंदूकवाल्यांची चौकी), खाली गेला.

फुटला नाही. अख्खा घसरला आणि वाळूत छत खाली, पाया वर असा पडलाय. दोन भिंती गाडल्या गेल्यात. पायाची लादी, भिंती, छत सगळं एकसंध. खालची चिकणमाती समुद्राने नेली की काही दिवस अधांतरी राहायचं आणि मग डब्यासारखं पलटायचं. हे आरसीसीवाल्याला मी काय सांगणार!

पण आतल्या आडभिंतीचं सांगतोच. तू म्हणायचास, ती छताचा भार घ्यायला आहे. मी म्हणायचो, जंग्यातून, म्हणजे भिंतीतल्या गोळीबाराच्या भोकातून, आत आलेली गोळी समोरच्या भिंतीवर आपटून उसळली तर सगळेच लोळतील, म्हणून मध्ये ती वाय आकाराची भिंत. बाहेरूनच टॉर्च मारून पाहिलं (कलंडलेल्या बांधकामात शिरायचं नाही, हा तुझाच नियम). भिंत आणि छत यांच्यात दोन बोटं जातील अशी फट, त्यातून एकही सळई गेलेली नाही, आणि छत धड. दिल्याला सांग, पैज मी विसरलेलो नाही.

एका कोपऱ्याच्या विटा निघाल्यात. डंकर्कच्या माघारीनंतर, १९४० च्या उन्हाळ्यात, घाईघाईत हजारोंनी हे बांधले तेव्हा शटरिंगला लाकूड पुरेना, म्हणून विटांचाच साचा करून आत काँक्रीट ओतलं आणि विटा तशाच ठेवल्या. त्यामागे आता किनाऱ्यावरचे गोटे दिसतात, एका गोट्याला चिकटलेला शिंपला, आणि एक गोल गुळगुळीत सळई, गंजून पापुद्रे सुटलेली. खारी वाळू वापरली की असंच होणार. गंज फुगतो आणि काँक्रीट उडवतो.

आता खरी गोष्ट. माझ्या वहीत सहाही बाजूंची लांबी आहे, भिंतीची जाडी आहे (१२ इंच, म्हणजे फक्त गोळी अडवणारी, तोफगोळ्याला टिकायला तीन फुटांच्या वर लागते), पाचही जंग्यांची आतली-बाहेरची मापं आहेत. कर्ण नाहीत. ते पान तुझ्याकडे, निळ्या वहीत. नुसत्या सहा बाजूंवर षटकोन काढता येत नाही, काड्यापेटीच्या काड्यांसारखा तो हवा तसा कलतो. तीन कर्ण हवेतच. गाडलेल्या भिंतींमुळे ते आता घेता येत नाहीत. तेव्हा आईच्या ट्रंकेत बघ. ट्रंकेत नसेल तर, देवा, वहिनीने रद्दीत दिली असेल. आधी ट्रंक.

आणि हे प्रकरण इथेच थांबत नाही, म्हणून झोप नाही. शंकरपाळीची पाळी आली आहे. (हसू नकोस, कोटी आपोआप झाली.) आपला दुसरा पिलबॉक्स तो, ओढून लांबवलेल्या षटकोनाचा नमुना, या बाजूच्याच किनाऱ्यावर दिसणारा. कड्यापासून सव्वाचार मीटर उरलंय. इथला किनारा वर्षाला सरासरी दीड-दोन मीटर जातो म्हणतात, पण त्या सरासरीवर जाऊ नकोस. मध्येच वाळू खरवडून गेलेला सखल पट्टा असतो, त्याला इथे ऑर्ड म्हणतात. तिथे उधाणाची भरती थेट कड्याच्या पायाला लागते आणि एका हिवाळ्यात कित्येक मीटर जमीन जाते. बाकी ठिकाणी वाळूची गादी असते, वर्षानुवर्षं काही होत नाही. हा ऑर्ड दर वर्षी साधारण अर्धा किलोमीटर दक्षिणेला सरकतो. सध्या तो शंकरपाळीच्या उत्तरेला तीनशे मीटरवर आहे. हिशोब तूच कर.

म्हणून या खेपेला कर्ण आधी, फोटो नंतर. दारापासून घड्याळाच्या दिशेने भिंतींना नंबर. प्रत्येक जंग्याची बाहेरची रुंदी-उंची, आतली रुंदी-उंची, जमिनीपासून तळ किती वर, पायऱ्या किती. होकायंत्र भिंतीला टेकवायचं नाही, सळया सुई ओढतात. तीन मीटर मागे सरकून भिंतीच्या रेषेत उभं राहून दिशा घ्यायची. फळ्यांचे ठसे असतील तर फळीची रुंदी. समुद्राकडच्या भिंतीचं माप आतूनच. बाहेर, कडेला जायचं नाही, कड खालून पोखरलेली असते आणि पावसानंतर तर नाहीच. खालून फोटो हवे असतील तर ओहोटी लागल्यावर दोन तासांनी उतरायचं, पाणी फिरायच्या आत वर, आणि भांगाचे, म्हणजे लहान भरतीचे, दिवस निवडायचे. रत्नागिरीच्या माणसाला उधाण-भांग शिकवतोय, माफ कर. वाळूत गंजलेलं काही गोल दिसलं तर हात न लावता मागे फिरून ९९९ ला फोन. ऐंशी वर्षं झाली तरी दारू ती दारूच.

एकट्याने टेपचं दुसरं टोक धरता येत नाही, ही माझी अडचण. हुक लावला तर कर्णाला टेपला झोळ पडतो आणि मापात घोळ. लेझर घ्यावं का? ओल्या काळ्या भिंतीवर ठिपका नीट उमटतो का? तुझ्या साइटवरचं कुठलं आहे ते कळव, किंमतही.

माझा गुडघा ठीक. काकूंचं मोतीबिंदूचं झालं का? चिन्याच्या ॲडमिशनचं वाचलं, छान. पेढे परस्पर खाल्लेत ते लक्षात ठेवलंय. नवीन साइटचा बिल्डर पैसे देतोय ना?

ट्रंक आज रात्रीच बघ. पानाचा फोटो सरळ वरून काढ, तिरका नको, आकडे तुझ्याच अक्षरात आहेत.

तुझा,
बाळ्या