माळ्यावरच्या कुटुंबांनाही धारावीतच घर हवे

महोदय,

धारावीकर पुनर्विकास प्रकल्पाच्या घरोघरच्या सर्वेक्षणाला दार उघडत नाहीत, म्हणजे त्यांचा विकासाला विरोध आहे, असा सूर सध्या सगळीकडे ऐकू येतो. तो अन्यायाचा आहे. सार्वजनिक शौचालयाच्या रांगेत पहाटे उभ्या राहणाऱ्या बाईला घरातल्या संडासाचे मोल कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. पक्के घर आम्हाला हवेच आहे, पण धारावीत.

१ जानेवारी २००० पूर्वीपासून तळमजल्यावर राहणाऱ्याला इथेच ३५० चौरस फुटांचे मोफत घर मिळणार. माळ्यावर राहणाऱ्याला मात्र धारावीबाहेर, ३०० चौरस फुटांचे, तेही भाडे भरत विकत घ्यायचे. आमच्या गल्लीत खाली थोरला भाऊ आणि वर धाकटा, अशी कितीतरी घरे आहेत. मधे एक लोखंडी शिडी. आई जेवते खाली, झोपते वर. तिला कोणत्या यादीत घालणार?

शिवाय इथे घर आणि पोट वेगळे काढता येत नाही. बायका दारात पालथ्या टोपल्यांवर पापड वाळत घालतात, खाली शिलाई मशीन चालते, वर संसार. धुणीभांडी करणाऱ्या बायका शीव-माटुंग्याला चालत जातात. मुलुंडच्या मिठागरांच्या किंवा देवनार कचराभूमीच्या जागेवर घर मिळाले, तर ही कामे सुटणार. कचराभूमीशेजारी लहान मुले वाढवायला कोण राजी होईल? तिकडे मुलुंडकरही या घरांना विरोध करत आहेत. म्हणजे इथून उठायचे आणि जिथे जायचे तिथेही नकोसे व्हायचे.

तानसा जलवाहिनीलगतच्या कुटुंबांना माहुलला पाठवले तेव्हाही घरे पक्कीच होती. शेजारी तेलशुद्धीकरण कारखाने होते. लोक आजारी पडले, कोर्टात गेले. शेवटी २०१९ मध्ये उच्च न्यायालयाला सरकारला सांगावे लागले की, माहुल नको असेल त्यांना दुसरीकडे राहायला महिना १५ हजार रुपये भाडे द्या. तोवर मुलांच्या शाळा आणि बापांच्या नोकऱ्या सुटल्या होत्या. हे डोळ्यांसमोर असताना आम्ही नुसत्या तोंडी आश्वासनावर सही कशी करावी?

माळ्यावरच्या कुटुंबांना धारावीतच घर देण्याचा शासन निर्णय सरकारने काढावा आणि पात्र-अपात्रतेच्या याद्या गल्लीनिहाय लावून हरकतींना पुरेशी मुदत द्यावी. एवढे झाले तर सर्वेक्षणाला आम्ही स्वतः बोलावू.

– एक रहिवासी, धारावी, मुंबई