रडलं होतं का?

मेळघाट, 2 ऑगस्ट

सुमे,

चिडली असशील. चीड. दिवाळीपासून तुझे चार फोन आले आणि मी एकही उलटून केला नाही. शुगर आहे तशी आहे, गुडघे आहेत तसे आहेत, ह्यांचं बरं चाललंय. झालं तब्येतीचं.

आता ऐक. मागच्या आठवड्यात बालमृत्यूंच्या आढावा बैठकीत साहेब मला म्हणाले, "सिस्टर, खरंच रडलं होतं का? नीट आठवा."

शब्द न् शब्द तेच, सुमे! माणूस दुसरा, सत्तावीस वर्षं मधे गेलेली, आणि वाक्य तेच. मी सगळ्यांसमोर फस्सकन हसले. बाकीच्यांना वाटलं, बाईचं डोकं फिरलं. तू असतीस तर टेबलाखालून पाय दाबला असतास.

झालं असं की जुलैत सलग तीन दिवस पाऊस. नाल्यावरून पाणी. पाड्यावरची एक बाई, तिसरी खेप, आठवा महिना, हिमोग्लोबिन सात. तिला बाळंतपणाआधी दवाखान्याजवळच्या माहेर घरात आणून ठेवायची तारीखही ठरली होती, पंधरा दिवसांनंतरची. कळा तारीख बघून येतात का? रात्री दीडला गावातल्या आशा कार्यकर्तीचा फोन. गाडीला कळवलं तर ड्रायव्हर रजेवर, बदली माणूस नाही. शेवटी मी आणि आपला जुना शिपाई त्याच्या मोटारसायकलवर निघालो. नाल्याशी उतरून पाण्यातून चालत. (हस नको, तू लुनासकट सिपना नदीत बसली होतीस तो फोटो अजून माझ्याकडे आहे.) पोचले तेव्हा बाळ झालेलं होतं. सोळाशे ग्रॅम. आशाने पुसून, आईच्या छातीशी उघडं लावून, वरून लुगडं गुंडाळलेलं. पोरीनं सगळं बरोबर केलं होतं गं. मांजराच्या पिल्लासारखं बारीक रडत होतं. मी पोचल्यावर अर्धा तास होतं. हाताने दाबून श्वास द्यायची अँबू बॅग होती, ऑक्सिजन नव्हता. गाडी सकाळी सातला आली.

आपल्याकडून घोकून घेतलं होतं ना, एक श्वास घेतला तरी जिवंत जन्म. जन्माचा फॉर्म एक, मग मृत्यूचा फॉर्म दोन. श्वासच नसेल तर फॉर्म तीन, उपजत. आणि उपजत बाळ बालमृत्यूत मोजत नाहीत. म्हणून विचारतात, रडलं होतं का. साहेब वाईट नाहीत, खरंच. त्यांच्यावर वरून फोन येतात, त्यांच्या वरच्यांवर आणखी वरून. प्रत्येकाला आपल्या तक्त्यात एक आकडा कमी हवा असतो.

आणि 98 साली मी तो कमी करून दिला होता. तू नाही म्हणालीस, मी फॉर्म तीनवर सही केली. तू सहा महिने माझ्याशी बोलली नाहीस, मी तुला "लई शहाणी" म्हणाले, वर तुझा मरून स्वेटरही परत केला नाही. स्वेटरबद्दल माझं अजूनही म्हणणं आहे की तो तू मला दिलाच होतास. सहीबद्दल काही म्हणणं नाही. नोकरी कायम व्हायची होती, एवढंच कारण होतं.

या खेपेला मी एक आणि दोन भरले. फॉर्म दोनवर कारणाचा रकाना आला. काय लिहिशील? कमी दिवसांचं, कमी वजनाचं, श्वासावरोध. सगळं खरं. पण बघ ना, जेवढी कारणं तेवढी त्या बाळाच्या अंगातली, फार तर आईच्या. 'ड्रायव्हर रजेवर' लिहायला जागा नाही. 'नाल्यावर पूल नाही' लिहायला नाही. 'दिवाळीनंतर मजुरीला गेली, होळीला पोटुशी परत आली, मधे कुणी लोहाची गोळी दिली नाही' एवढं तर मावणारच नाही. चटक्याची मात्र सगळ्यांना आठवण असते. पोटावर विळ्याचा चटका असला की अख्ख्या बैठकीला हायसं वाटतं, चटका देणारा गावचा वैदू, भुमका सापडला! या बाळाला भुमक्याने हातही लावला नव्हता.

सरकारनं काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही, तशी म्हणणारी माणसं मला आवडतही नाहीत. नवसंजीवनी योजना 95 पासून आहे, अमृत आहार योजना 2015 पासून, पोरांना अंडी-केळी मिळतात. गडचिरोलीत बंग डॉक्टरांनी गावच्याच बायांना शिकवून नवजात बाळांचे मृत्यू हजारी 62 वरून 25 वर आणले. म्हणजे यातली बरीच मुलं मोठ्या दवाखान्याशिवाय वाचतात हे 1999 पासून जगाला माहीत आहे. तेच काम 2011 पासून आशा करते, घरी सहा-सात भेटी, अडीचशे रुपये. पोरी भेटी देतात. पण आशाने धोका ओळखला की पुढे कुणीतरी यायला हवं ना! तो पुढचा माणूस आशाच्या कामात येत नाही, सरकारच्या येतो. 'कोवळी पानगळ' अहवाल 2001 मध्ये आला तेव्हा सरकारी कागदावरच्यापेक्षा कितीतरी पट पोरं मरतात म्हणून केवढा गदारोळ झाला होता, आठवतं? तू पेपर घेऊन नाचत आली होतीस. मी तोंड लपवून बसले होते. 2020 साली राज्याचा बालमृत्यू दर हजारी 16 वर होता. आनंद होतो, आणि लगेच वाटतं, यात आमच्या पायांचं किती आणि पेनाचं किती?

तर आता मला 'कारणे दाखवा' आलीय. घरी प्रसूती का झाली, सात दिवसांत खुलासा. बाळाच्या फॉर्मवर कारणाला एक ओळ, आणि माझ्याकडून मागितलीत दोन पानं! सरकारला असली नोटीस कोण देणार? हायकोर्ट देतं, 2007 पासून मेळघाटाची याचिका चालूच आहे. तारीख लागली की आमच्याकडे रजिस्टरं रंगतात, डांबरही पडतं.

खुलासा तू लिहून दे. तुझं मराठी कडक आहे आणि रागही. ड्रायव्हर, नाला, वेळा, सगळं तारखेनिशी टाक, रडारड नको. मी जसंच्या तसं उतरवीन.

पिंकीचं कॉलेज झालं का गं नक्की? सासूबाईंचं प्लास्टर निघालं असेल. खवा पाठवते कुणी परतवाड्याकडे निघालं की.

आणखी एक. तुझी ती निळी डायरी असेल तर 98 चा पावसाळा काढ. ती मुलगी होती, पहाटेची. तारीख बघून कळव. माझ्या सहीखाली आहे ती दुसऱ्या दिवशीची.

तुझीच,
शोभी