फोटो काढणाऱ्याचं नाव ठळक, आणि ज्याचा चेहरा त्याचं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीत वाचकांनी काढलेले फोटो येतात ते मी न चुकता बघते. २०२७ च्या सिंहस्थाची हवा जशी तापायला लागलीये तसे त्यात रामकुंडावरचे साधू, गोदाघाटावरच्या आज्या, फुलवाल्या बाया यांचे क्लोजअप वाढत चाललेत. काही खरंच चांगले असतात. पण खाली कॅप्शन काय, तर ‘निरागस हास्य’ नाहीतर ‘सुरकुत्यांमधला इतिहास’, आणि त्याच्या शेजारी ठळक अक्षरात फोटो काढणाऱ्याचं नाव. जिचा चेहरा पाव पान भरून छापलाय ती बाई कोण, कुठली, काय करते, एक अक्षर नाही.

मी स्वतः हौशी फोटोग्राफर आहे, माणसांचेच फोटो काढते, त्यामुळे सांगते की नाव नसणं आणि फोटोत जीव नसणं हे बऱ्याचदा एकाच कारणाने होतं, ते म्हणजे माणसाशी बोललेलंच नसतं. लांबून मोठी झूम लेन्स लावून टिपायचं आणि निघायचं. बॅकग्राउंड मस्त ब्लर होते, दाढीचा केस न केस दिसतो, पण डोळे कुणाकडेच बघत नसतात. कँडिडला, म्हणजे माणसाच्या नकळत फोटो टिपायला, माझा विरोध नाही हं, फ्रेंच फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसाँने तर वर्षानुवर्षं तेच केलं, पण तो बहुतेक वेळा साध्या ५० एमएम लेन्सने काढायचा, म्हणजे माणसांच्या जवळ जावंच लागायचं.

बोलायला फार काही लागत नाही. ‘स्माइल प्लीज’ म्हटलं की चेहरा लाकडासारखा होतो, त्यापेक्षा निफाडच्या एखाद्या शेतकऱ्याला यंदा कांद्याला काय भाव मिळाला एवढं विचारा आणि कॅमेरा तयार ठेवा, मिनिटभरात नवरस बघायला मिळतील. दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत खुड्याच्या, म्हणजे द्राक्षतोडणीच्या सीझनला पेठ-सुरगाण्याहून बाया येतात, त्यांना काम चालू असताना अडवू नये, चहाला बसल्या की आपणही जाऊन बसावं. मी बाई असल्यामुळे मला ते थोडं सोपं जातं हे खरंय. फोटो मात्र वेलीखाली काढू नका, पानांतून गाळून येणारा उजेड हिरवा असतो आणि चेहरा आजारी दिसतो. बागेच्या कडेला या, माणसाचं तोंड मोकळ्या आकाशाकडे, पाठीमागे बागेची सावली, बास, रिफ्लेक्टर वगैरे काही लागत नाही, डोळ्यात आपोआप चमक येते. (द्राक्ष गुलाबी पडू नये म्हणून घडांना पेपर गुंडाळतात, त्यात तुमचेही जुने अंक दिसतात बरं का.)

फोनवाल्यांसाठी पण सांगते, कारण आता निम्मे फोटो फोनवरचेच असणार. फोनचा मेन कॅमेरा वाइड असतो, तो तोंडाजवळ नेला की नाक मोठं आणि कान गायब, म्हणून दोन पावलं मागे सरकून टूएक्स किंवा थ्रीएक्स वापरा. पांढरी टोपी, पांढरा सदरा घातलेले आजोबा उन्हात उभे असले की कॅमेरा त्या पांढऱ्याला फसतो आणि चेहरा काळवंडतो, तेव्हा स्क्रीनवर चेहऱ्यावर बोट ठेवून एक्स्पोजर वाढवून घ्या. ब्युटी मोड तर बंदच करा, उन्हातान्हात राबलेल्या माणसाला गोरं-गुळगुळीत करून आपण काय दाखवतोय?

आणि ब्लरचा हा जो सोस आहे ना, तो मला कळतच नाही. मोठ्या कॅमेऱ्यावर ८५ एमएमची लेन्स एफ १.८ ला, म्हणजे लेन्सचं छिद्र बरंच मोठं ठेवून दोन मीटरवरून काढलं तर जेमतेम ६ सेंटिमीटर जागा शार्प येते, डोळा शार्प आणि कान गेला. फोनचा पोर्ट्रेट मोड तर सुटे केस आणि पदराची कडच खाऊन टाकतो. पावसाळ्यात अंजनेरीच्या पायथ्याशी भातलावणी करणाऱ्या बाईचा फोटो काढायचा, ढगांमुळे इतका मऊ उजेड फुकटात मिळतो, आणि मग मागचा डोंगर, चिखल, भाताचं आवण (रोपं) सगळं पुसून टाकायचं, तर मग तिथे गेलातच कशाला? गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला गाऊन घालून धूर सोडून काढतात ते प्रीवेडिंगवाले वेगळे, त्यांना डोंगर पडद्यासारखा मागे हवा असतो. तो विषय सोडा.

आपले दादासाहेब फाळके, जन्म १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. सिनेमाच्या आधी ते फोटोग्राफीचा धंदा करायचे. बडोद्यात त्यांचा जम बसला नाही, कारण कॅमेरा अंगातली शक्ती ओढून घेतो अशी लोकांची समजूत होती असं सांगतात. आपण आज हसतो त्याला. पण अफगाण मुलीचा तो हिरव्या डोळ्यांचा फोटो आठवा, स्टीव्ह मकरी या अमेरिकन फोटोग्राफरने १९८४ मध्ये पाकिस्तानातल्या निर्वासितांच्या छावणीत काढलेला. १९८५ मध्ये तो ‘नॅशनल जिओग्राफिक’ मासिकाच्या कव्हरवर आला, जगभर गाजला, आणि तिचं नाव शरबत गुला आहे हे जगाला कळलं २००२ साली, तोपर्यंत तिने स्वतःचा तो फोटो पाहिलेलासुद्धा नव्हता. काहीतरी ओढून घेतलं जातं असं त्या बडोदेकरांना वाटलं, ते अगदीच वेडगळ नव्हतं म्हणायचं.

म्हणून माझी विनंती एवढीच, की फोटो मागवताना त्या माणसाचं नाव, गाव, काम आणि छापायला त्याची परवानगी आहे का, हे पाठवणं सक्तीचं करा. कुणाला नाव नको असेल तर ‘नाव न देण्याची विनंती’ असं छापा, त्यातूनही निदान विचारलं होतं हे कळतं. लहान मुलं असतील तर आईबापांना विचारलंय का ते बघा. आणि फोटो छापून आला की काढणाऱ्याने त्याची एक प्रिंट आणि तुमचा अंक त्या माणसाला नेऊन द्यावा, अशी अट टाकता आली तर फारच चांगलं.

कुंभाच्या गर्दीत कुठे नावं विचारत बसणार, असं काहीजण म्हणतील. मग गर्दीचा फोटो काढा की, घाट, नदी, हजारो डोकी, तोही छान येतो आणि त्याला कुणाचं नाव लागत नाही. पण एकाच माणसाच्या चेहऱ्याने फ्रेम भरायची असेल, तर समोर थांबून दोन शब्द बोलायला वेळ नाही ही सबब मला तरी पटत नाही.

आपली नियमित वाचक,
पंचवटी, नाशिक